वहीत लिहिलेला रविवार

आमच्या सासूबाई घाबरट आहेत, हे मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ओळखलं. गॅस बंद केला की नाही ते बघायला त्या बसस्टॉपवरून परत यायच्या, आणि मग कुलूप लागलं की नाही ते बघायला पुन्हा. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी केली, तीही भीतभीतच. असल्या बाईला कोर्टाचं समन्स आलं, म्हणजे घरात काय झालं असेल ते सांगायला नको.

आई, म्हणजे सासूबाई, आमच्या चर्चच्या चिटणीस. बावीस वर्षं सभेची वही त्यांच्याकडे. अक्षर मोत्यासारखं, पण हात हळू. म्हणून त्यांनी आपली एक सोय करून ठेवली होती. सभा ठरली की त्याच दिवशी वहीत सुरुवातीचा मजकूर लिहून टाकायचा: प्रार्थना झाली, नियमाप्रमाणे मागच्या दोन रविवारी उपासनेत नोटीस वाचून दाखवली, पुरेसे सभासद हजर होते. मग सभेत फक्त ठराव लिहायचे. दरवेळी तेच तर व्हायचं, कुणाचं काय बिघडलं?

गेल्या वर्षी बिघडलं. चर्चमागच्या दोन खोल्यांत घंटाकाका राहतात. झाडलोट, दिवाबत्ती, घंटा, सगळं तेच बघतात, म्हणून त्यांचं नावच ते पडलं. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पाद्रींना, त्या खोल्या ऑफिससाठी हव्या होत्या. पण काकांना काढायचं तर सगळ्या सभासदांची सभा हवी आणि तिची नोटीस दोन रविवार वाचायला हवी. नियमावलीत तसं छापलंय. पहिल्या रविवारी वाचली. दुसऱ्या रविवारी रंगकाम निघालं, बाकं अंगणात आणि आम्ही सगळे दुसऱ्याच चर्चमध्ये उपासनेला. नोटीस वाचायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या रविवारी सभा झाली. अर्धे लोक आलेच नव्हते. आलेल्यांनी हात वर केले आणि काकांना महिन्याभरात खोल्या सोडायला सांगितलं. आईंनी खाली सही केली. वरचं परत वाचलंच नाही.

काका कोर्टात गेले. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यांना घेऊन जाणार कुठे? त्यांच्या वकिलाचं एकच म्हणणं: नोटीस नियमाप्रमाणे वाचली नाही, म्हणून ती सभाच नाही आणि ठरावही नाही. चर्चच्या वकिलाचंही एकच म्हणणं: वही बघा. आणि वही आमच्या आईंच्या हातची!

समन्स आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले. चहा नको म्हणाले आणि सरळ विषयाला आले.

“बाई, तुम्ही एवढंच म्हणायचं, वही माझी आणि त्यातलं सगळं खरं.”

“पण साहेब, त्या रविवारी तर रंगकाम...”

“खोटं लिहिलं म्हणालात तर ते तुमच्यावरच शेकेल. वकील म्हणतात, तुरुंगसुद्धा होऊ शकतो.”

एवढं बोलून वर त्यांनी आमच्या घरासाठी प्रार्थना केली. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण गिळलं.

त्या दिवसापासून आईंचं जेवण सुटलं. एकदा मी कपाट उघडलं, तर आत एक पिशवी: दोन जोड कपडे, टॉवेल, बीपीच्या गोळ्या, टूथब्रश.

“आई, सहलीला निघालात की काय?”

“अगं, तिकडे काही देत असतील की नाही कोण जाणे,” त्या म्हणाल्या. मला हसू आलं, आणि मग न्हाणीघरात जाऊन मी रडले. खरं सांगते, मला वाटत होतं की आईंनी सरळ खोटं बोलावं. काकांचं काय ते काका बघतील. या वयात आमची म्हातारी कोठडीत गेली तर? मी तसं बोललेही. त्यांनी पिशवीतला टॉवेल काढला आणि पुन्हा नीट घडी घालून आत ठेवला.

कोर्टात त्यांची शपथ कुणाला ऐकूच आली नाही, ती पुन्हा घ्यायला लावली. न्यायाधीशबाईंनी पाणी द्यायला लावलं. मग चर्चच्या वकिलाने वही पुढे धरली. अक्षर तुमचं? हो. सही तुमची? हो. नोटीस दोन रविवारी वाचली, असं लिहिलंय ते खरं?

आईंनी आधी पाळकसाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. देवा, मी मान हलवत होते. ‘हो म्हणा’ म्हणून हलवत होते.

“नाही,” आई म्हणाल्या. “एकाच रविवारी वाचली. हे मी आधीच लिहून ठेवलं होतं. मी नेहमीच आधी लिहिते.” आणि समोरची वही मिटून त्यांनी वकिलाला परत दिली.

कोठडी वगैरे काही झालं नाही. न्यायाधीशबाईंनी खडसावलं मात्र चांगलंच: असली वही पुढे करून कुणाचं घर काढून घेता येत नाही, आणि स्वतःचेच नियम मोडून घेतलेली सभा कोर्ट सभा मानत नाही. ठराव रद्द. घंटाकाकांचं काम आणि खोल्या कायम.

मला वाटलं, सुटलो. पुढच्या रविवारी चर्चला गेलो, तर दारात घंटाकाका. हात जोडलेले, डोळे खाली.

“बाई, तुम्हाला आत सोडू नको म्हणून पाळकसाहेबांनी सांगितलंय मला. तुमचं सभासदत्व काढलंय म्हणे.” त्यांनी मागे खोल्यांकडे पाहिलं. “आज ऐकलं नाही, तर उद्या मलाच परत...”

माझं डोकंच फिरलं. ज्यांच्यासाठी या बाईने जीव मुठीत धरून साक्ष दिली, त्यांनीच अडवावं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईंनी माझं मनगट धरलं.

“सभा कधी झाली?” त्यांनी काकांना विचारलं.

“सभा नाही झाली, बाई.”

“नोटीस वाचली?”

“नाही.”

“मला लेखी काही दिलंय?”

“नाही. तोंडीच सांगितलं त्यांनी.”

“मग मी अजून सभासद आहे,” आई म्हणाल्या. “सरका बाजूला.”

काका सरकले. माझं मनगट घट्ट धरून आई आत गेल्या, आणि थेट पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.