टिप्याच्या तोंडाचा फेस

"आकाराम, काठी टाक खाली! कुत्रं माझं हाय, तुझ्या सासऱ्याचं न्हवं."

"मावशे, त्येच्या तोंडाला फेस बघ की! पिसाळलंय त्ये. आज सोडलं तर उद्या गल्ली चावत सुटंल."

दिवाळी पाडव्याची सकाळ. पंचगंगेच्या घाटाजवळच्या गल्लीत बायडाबाईची गंगी म्हैस मिरवणुकीसाठी धुवायला काढलेली. निम्मं अंग झालेलं, शिंगं रंगवायची बाकी. आणि टिप्या गोठ्याच्या तोंडाशी पांढराफेक फेस गाळत, जीभ आतबाहेर करत उभा. संध्याकाळी म्हशी पळवायच्या, त्याआधी कुत्र्याचा निकाल लावायला निम्मी गल्ली काठ्या घेऊन हजर.

बायडाबाई साठीची, आवाज हलगीचा. नवऱ्यामागं म्हशींच्या दुधावर दोन लेकी उजवल्या. माणसांना अरे-तुरे करील, म्हशीला मात्र 'बाई' म्हणेल. टिप्यावर जीव होता, पण म्हणून फेसाळल्या तोंडाला कुरवाळायला जाण्याइतकी ती खुळी नव्हती. "हाड!" करून तिनं त्याला गोठ्यात घातलं, जाळीचं दार ओढलं, दाराला पाठ लावली आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

स्नेहल डॉक्टर म्हणाली, "हात लावू नका आणि मारूही देऊ नका. लस श्रावणात टोचलीय. फेस काय पिसाळल्यावरच येतो होय? पोट ढवळलं, दातात हाड अडकलं, ऊन लागलं, काही कडू चाटलं, तरी येतो. सकाळपासनं त्यानं काय केलं?"

"काय करनार? रोजच्यागत गंगीबाईचं पाय चाटत…"

बायडाबाईनं मान वळवली. गंगीकडं बघितलं. सणाचा दिवस म्हणून आज साबण नव्हता, नातीची शाम्पूची आख्खी बाटली ओतली होती. गंगी ढगागत फेसाळलेली, मागचा एक पाय तेवढा गुडघ्यापर्यंत लख्ख चाटलेला.

"अगं बया! शाम्पू खाल्ला की मुडद्यानं!"

"मग पाणी द्या, लांबनंच. आणि बांधून ठेवा, दुपारी येऊन बघते."

दाराखालनं पाण्याची परात सरकवली. टिप्यानं लपालपा पाणी ओढलं आणि फेस आटायचा सोडून दुप्पट झाला. आकाराम काठी टाकून भिंतीवर चढला. तेवढ्यात टिप्या फडाफडा शिंकला, नाकातनं एक बुडबुडा निघाला. सारी गल्ली हसून लोळली.

"पैलवान, शाम्पूला भितोस व्हय? वर चढलाच हाईस, तर त्यो शिंगाचा रंग दे तिथला."

रंगाचा डबा कडेला ठेवून बायडाबाईनं घासणी उचलली.

"पाय उचला, बाई. ह्यो पुन्हा घासाय पायजे."