पाव्हणे कुठले?

माझी शिरूरची मैत्रीण रेखा. तिला केडगावच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं आणि राहायला खोली नाही. शिरूरहून रोज जाऊन-येऊन करायचं तर चार वर्षांची लेक तिला जागी दिसणं मुश्कील. मला भटकायला निमित्तच लागतं. शनिवारी स्कूटर काढली.

पुण्याहून येणाऱ्यांनी कोरेगाव भीमा सकाळी सातच्या आत ओलांडावं, नाहीतर कंपन्यांच्या बसमागे रांगत बसाल. शिरूरला रेखाला घेतलं, मिसळ हाणली आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे निघालो. पन्नासेक किलोमीटर, पण उसाच्या ट्रॉल्या चुकवत दीड तास गेला. भीमेच्या पुलावर मात्र थांबाच.

केडगाव स्टेशनजवळच्या पहिल्या खोलीला खिडकीच नव्हती. निघताना घरमालक मामांनी मला विचारलं, "तुमचं मिस्टर काय करत्यात?"

"घटस्फोट झालाय."

"आस्सं," म्हणाले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझं डोकंच सणकलं. सहा वर्षं हे 'आस्सं' ऐकतेय मी. रेखा हसली, "अगं, सहज विचारलं त्यांनी. किती लावून घेशील?"

खुटबावच्या वाटेवरची दुसरी खोली मस्त होती. वेगळा नळ, दारात शेवगा, दवाखाना दहा मिनिटांवर. घरच्या वहिनींनी चहा टाकला. माझं आडनाव ऐकून तर खूशच झाल्या. "आमच्या आत्याबाईंचं सासर तुमच्यातलंच की वो!" फोन नंबरही घेतला. मग रेखाकडे वळल्या. "आन् तुमचे पाव्हणे कुठले?"

रेखाने आडनाव सांगितलं.

"व्हय का. बरं बरं. मालकास्नी इचारून कळवते उद्या." आवाज तसाच गोड होता. रेखाने मात्र अर्धा चहा तसाच खाली ठेवला आणि उठली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सहज विचारलं असेल गं. आमच्याकडंही विचारतात."

"तुला विचारतात तेव्हा नातं निघतं. मला विचारतात तेव्हा खोली गेलेली असते." मग म्हणाली, "मघाशी मीपण तुला 'सहज' म्हणाले ना? चुकलंच माझं."

परतीच्या वाटेवर मी ह्याच विचारात. मामांचं 'आस्सं' तिच्या अंगावरून गेलं, वहिनींचं 'बरं बरं' माझ्या. ज्याला आधी लागलंय त्यालाच लागतं की काय? की ती जरा जास्तच हळवी झालीय? हो, हेही मनात आलं. लाज वाटते, पण आलं.

रविवारी दुपारी मी पुण्यात घरी असताना वहिनींचा फोन आला. "ताई, खोली हाय बरं का. तुमच्यातलं कुणी आसंल तर सांगा, घरच्यासारखं ऱ्हातील."

"आणि रेखा?"

"त्यांचं न्हाई जमायचं. तुम्ही समजून घ्या की."

मला समजून घ्यायला सांगत होत्या, आपल्यातली म्हणून. काहीतरी वेडंवाकडं बोलून फोन ठेवला आणि रेखाला लावला. सांगता सांगता रडायलाच आलं.

"उद्यापासून सकाळी सहाच्या एसटीने जाऊन-येऊन करीन," ती म्हणाली. "तू रडू नकोस."

"तुला काहीच कसं वाटत नाही? सवय झाली का?"

"सवय कसली? तुझ्याएवढंच लागतं," रेखा म्हणाली. "तुला आज लागलं. मला काल, चहा पितानाच."