परत ठेवायचा दगड

माझी बायको डोंगर चढणारी आणि मी तिच्या मागून कुरकुरत जाणारा. लग्नानंतर एक्केचाळीस वर्षं हा प्रकार चालला. कॅनडात ऑटावाजवळ कनाटा आहे, तिथल्या टेलिकॉम कंपनीतून मी रिटायर झालो, त्याच आठवड्यात तिनं जाहीर केलं, "आता तुमची कारणं संपली. हवाईच्या मोठ्या बेटावर जायचं आणि तिथल्या सगळ्या ट्रेल्स चालायच्या." सगळ्या म्हणजे सगळ्या. मी नवे बूट घेतले, ते चावले आणि पहिल्याच दिवशी माझं तोंड सुरू झालं.

सकाळी किनाऱ्याच्या वाटा, दुपारी ज्वालामुखीच्या. किनाऱ्यावर एका बाजूला नारळ, दुसऱ्या बाजूला थिजलेला काळा लाव्हा थेट समुद्रात उतरलेला. लाटा त्यावर आपटायच्या आणि तोंडावर खारं पाणी उडायचं. ती कायम पुढे. वळण आलं की थांबायची, मागे वळून बघायची, मी दिसलो की पुन्हा चालू लागायची. हात करणं, हाक मारणं असलं काही नाही. फक्त बघायची.

शेवटच्या दिवशी आम्ही एका जुन्या विवरात उतरलो. वरची वाट ओल्या जंगलातून, माणसापेक्षा उंच नेच्यांमधून जाते आणि खाली आलं की एकदम काळा सपाट तळ लागतो. भेगांतून वाफ येत असते. पायाखाली लाव्ह्याचा पातळ थर पापडासारखा करकर मोडतो. वाट चुकू नये म्हणून जागोजाग दगडांचे छोटे ढीग रचलेले. तिसऱ्या ढिगाशी, एका भेगेच्या काठावरून मी एक दगड उचलला. मुठीत मावेल एवढा, काळा, हलका, नुसती छिद्रंच छिद्रं.

"ठेवा तो जागच्या जागी," ती म्हणाली. "वर बोर्ड वाचला नाहीत? इथलं काही न्यायचं नाही. देवीची जागा आहे ही."

"त्यांची देवी तू कधीपासून मानायला लागलीस?"

"देवळातून कुणी काही उचलून नेतं का?" असं म्हणून ती पुढे गेली. मी दगड जॅकेटच्या खिशात टाकला. का, ते आजही सांगता येत नाही. हट्ट, दुसरं काय.

घरी आल्यावर कपडे धुवायला टाकताना तो तिला सापडला. दोन दिवस माझ्याशी अबोला. तिसऱ्या दिवशी तिनं तो किचनच्या खिडकीत ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी जाऊ तेव्हा हा परत ठेवायचा. मी नाही, तुम्ही ठेवायचा." कुणी जेवायला आलं की त्यांना दगड दाखवून म्हणायची, "आमच्याकडे चोर राहतात." सगळे हसायचे. मीही हसायचो.

पुढची वेळ आलीच नाही. फॉलमध्ये, पानगळ सुरू होताना तिचं पोट दुखायला लागलं आणि जानेवारीत ती गेली. मी इंजिनियर माणूस आहे. दगडामुळे कुणाला कॅन्सर होत नाही, हे मला चांगलं कळतं. पण हॉस्पिटलच्या खुर्चीत तासन्‌तास बसलं की कळून उपयोग नसतो. शेवटच्या आठवड्यात तिला पाणी गिळता येत नव्हतं. नर्स ओल्या स्पंजनं ओठ पुसायची आणि ती तो स्पंज दातांत धरून ठेवायची. ते बघवत नव्हतं. एका दुपारी तिनं डोळे उघडले आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "दगड राहिला हो."

"मी ठेवून येतो," मी म्हटलं. आमचं एवढंच शेवटचं बोलणं.

आपल्याकडे दहनाच्या वेळी एक दगड घेतात, त्याला जीवखडा म्हणतात. गेलेल्याचा जीव त्यात आहे असं धरून दहा दिवस त्यावर तीळ-पाणी घालायचं आणि दहाव्याला तो वाहत्या पाण्यात सोडायचा. इथल्या फ्युनरल होममध्ये मी भट्टीचं बटण दाबलं आणि कार्पेटवरून चालत बाहेर आलो. दगड कुठून घेणार? ब्रॅम्प्टनचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. "कुठलाही चालेल काका, बॅकयार्डमधला घ्या," ते म्हणाले. बाहेर उणे अठ्ठावीस आणि बॅकयार्ड कमरेएवढ्या बर्फाखाली. विनिपेगहून आलेली माझी मुलगी घरभर शोधत किचनमध्ये गेली आणि परत आली.

"बाबा, is this one okay? विंडोमध्ये होता."

"छान आहे की," गुरुजी म्हणाले.

नाही म्हणायचं तर सगळं सांगावं लागलं असतं आणि पोरगी रडून रडून अर्धी झाली होती. मी नुसती मान हलवली. जो दगड जागच्या जागी ठेवा म्हणून ती जीव तोडून सांगत होती, त्यातच मी तिला बसवलं.

बेसमेंटमध्ये ताम्हनात तो दगड ठेवला आणि पळीभर पाणी घातलं. नदीतल्या गोट्यावरून पाणी ओघळलं असतं. हे आत गेलं. बारीक बुडबुडे आले, किंचित आवाज झाला आणि ताम्हन कोरडं ते कोरडंच. सच्छिद्र दगड आहे, आतली हवा बाहेर येते आहे, असं मी स्वतःला समजावलं. आणखी एक पळी घातली. तीही गेली. मला दातांत धरलेला तो स्पंज आठवला आणि मी तिथेच फरशीवर बसलो.

दहाव्या दिवशी ऑटावा नदी काठापासून काठापर्यंत गोठलेली होती. गुरुजी म्हणाले, "बर्फ वितळलं की सोडा." मुलगी विनिपेगला परत गेली. मी पाणी घालतच राहिलो. रोज सकाळी चहाच्या आधी. एखाद्या दिवशी उशीर झाला की बेसमेंटच्या जिन्यातून करकर ऐकू यायची, विवरातल्या पावलांसारखी. लाकडी घर थंडीत वाजतं, हे माझ्या ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसायला येणाऱ्या माणसालाही माहीत आहे. तरी मी "आलो गं" म्हणून खाली उतरायचो. मला भीती वाटायची आणि खरं सांगतो, बरंही वाटायचं.

एप्रिलमध्ये मुलगी न कळवता आली. ताम्हन ओलं बघून जिन्यातच थांबली.

"बाबा, you're still doing this? It was ten days!"

"तिला तहान लागते," मी म्हणालो.

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "नदी ओपन झालीये, बाबा. आईला किती दिवस असं ठेवणार?"

मग मी सगळं सांगितलं. विवर, जॅकेट, खिडकी, हॉस्पिटल, सगळं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं डोळे पुसले आणि फोन काढला. "नदीत नको मग. She told you where." तिकीट तिनंच बुक केलं. माझ्याबरोबर यायलाही निघाली होती, मी नको म्हटलं. तुम्ही ठेवायचा, असं तिच्या आईनं सांगितलं होतं.

विवराची वाट तशीच होती. मी हळूहळू उतरलो. ढीग मोजत गेलो, तिसऱ्याशी थांबलो. भेगेतून वाफ येत होती. बाटलीतलं सगळं पाणी मी दगडावर ओतलं. तो सगळं प्यायला. वाहतं पाणी नाही तर वाफ तरी आहे, असा मीच निकाल देऊन टाकला, दगड काठावर ठेवला आणि म्हणालो, "ठेवला बघ."

हे झालं की मागे वळून बघायचं नसतं. लहानपणापासून ऐकलंय, गेलेल्याचा पाय अडकतो. मी चालू लागलो. थोड्या वेळानं मागून करकर यायला लागली. माझीच पावलं वाजत असणार, म्हणून मी थांबलो. माझ्यानंतर दोन पावलं वाजली आणि मग तीही थांबली. एक्केचाळीस वर्षांत ती कधी माझ्या मागे चालली नव्हती. पुन्हा चाललो, पुन्हा करकर. तळ संपेपर्यंत मी मान ताठ ठेवली. नेच्यांपाशी वाट वळते, तिथे जमीन ओली आणि मऊ आहे. तिथे आवाज बंद झाला.

ते वळण होतं. प्रत्येक वळणावर तिनं मला शोधलं होतं. मला राहवलं नाही, मी वळून बघितलं.

वाटेवर कुणी नव्हतं. खाली दगडांचे ढीग दिसत होते, वाफ दिसत होती. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. काळे दगड दूरवर पसरले होते, सगळे सारखे, आणि त्यांतली ती कुठली हे मला ओळखू येईना.