मालनची दुपारची विश्रांती

जुळी होऊन आठ महिने लोटले, तरी मालनचं पोट उतरेना. उठून बसताना पोटाच्या मधोमध उंचवटा वर येई, कंबर धरे. डोंबिवलीच्या त्या चाळीतल्या विहिरीवर कुणी ना कुणी विचारीच, "काय गं, पुन्हा?"

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आडवं करून डोकं उचलायला सांगितलं. बेंबीपाशी त्यांची बोटं आत रुतली.

"पोटाचे स्नायू मधून फाकलेत. रोज दुपारी पाठीवर पडायचं, गुडघे उभे. हातांनी पोट मध्ये ओढून धरायचं आणि श्वास सोडत नुसतं डोकं उचलायचं. हंडे मात्र उचलू नका."

घरी सासूबाई म्हणाल्या, "दिवसाढवळ्या लोळायचं औषध आमच्या वेळी नव्हतं बाई!" नवरा, प्रभाकर, पेपरात तोंड घालून बसला. दुसऱ्या दिवशी हंडा मालनच्याच कमरेवर.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या शीलाताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "कितवा महिना?"

नाही नाही म्हणून मालन थकली होती. "तिसरा," ती बोलून गेली.

घरी येताच सासूबाईंनी तिच्या हातातली कळशी काढून घेतली. "आधी सांगायचं नाही होय गं?" जुळी अजून अंगावर पीत होती, मालनचं पाळीचं बाजूला बसणं अजून सुरूच झालं नव्हतं. शंका कुणाला येणार? प्रभाकरलाही तिने खरं सांगितलं नाही. दुपारी दार लोटून ती व्यायाम करू लागली.

हळूहळू बेंबीपाशी तिची बोटं कमी रुतू लागली, कंबर मोकळी झाली. पण पोट वाढायचं तर ते उतरत होतं, आणि सासूबाई जुन्या लुगड्याची झबली शिवत होत्या. "अशी सुकतेस का गं?" म्हणून दुधाचा पेला पुढे करत. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता होळी आली.

त्या सकाळी मालनच्या लुगड्यावरचा रक्ताचा डाग सासूबाईंनीच आधी पाहिला. "गेलं गं माझं लेकरू!" म्हणत त्या जमिनीवर बसून रडू लागल्या. मालन भिंतीला टेकून उभी राहिली.

पुढे कित्येक दिवस सासूबाईंनी स्वतः पाणी भरलं, तिच्या कमरेला तेल चोळलं. पोट पुष्कळसं मिटलं, बोटभर फट राहिली. नातवंडं किती, असं कुणी विचारलं की सासूबाई म्हणत, "दोन आहेत. एक पोटातच गेलं."

तेव्हा मालन आत निघून जाई.