कमरेएवढा घास

आज सकाळी गव्हाण बघितली. म्हशीनं पानं तेवढी ओढून खाल्लेली, जाड दांडे तसेच टाकलेले. महिनाभर हेच चाललंय. दूध निम्म्यावर आलं, बरगड्या दिसायला लागल्या. बायको, सगुणा, गेल्यापासून घरात हाक मारायला ही एकटीच उरलीय, आणि तीही अशी सुकत चालली.

मी म्हशीलाच शिव्या घालत होतो. माजलीय म्हणायचो. शेवटी शेजारची थोरली भावजय कुंपणावरून बोलली, "भावजी, तिला वैरण घालताय का बांबू? हत्तीघास तुमच्या डोक्यावर गेला की! आमची सगुणा कमरेला लागला की कापायची."

खरं आहे. त्यावरनं मी सगुणावर ओरडायचो. अजून वाढू दे, उगाच कोवळा तोडतेस. मला वाटायचं, उंच तेवढा जास्त. माणसाचंही तसंच होत असेल. वेळेवर मऊ बोलायचं राहिलं की आतून दांडा होतो, मग कुणाच्या घशाखाली उतरत नाही. मी तिच्याशी असाच वागलो. आता कळून काय करू, थकलो.

सगळा घास बुडापासून कापून टाकला. नवे फुटवे येईपर्यंत भावजय तिच्या बांधावरचं गवत नेऊ देतेय. पुढचा कमरेला आला की कापायचा. पण माझ्या नाही, सगुणाच्या कमरेला. ती माझ्या खांद्याला लागायची. बांधावर उभं राहून हवेत तिच्या डोक्याएवढा हात धरला, मग हळूहळू खाली आणला. कुठं थांबायचं ते आठवेना.