उंबऱ्यावरच्या एस्तेरकाकू

लग्न होऊन मंठ्याला आले, त्याच्या दुसऱ्याच शनिवारी एक उंच, काटकुळी बाई दारात येऊन उभी राहिली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, तरी हातात काळी छत्री. मी पाण्याचा पेला घेऊन आले, तर ती म्हणाली, "सलाम, सूनबाई. पानी मंग. आधी सांग, सासूशी भांडन झालं का?"

झालं होतं. सकाळीच, भाजीत कूट किती घालायचा यावरून. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी भिंतीकडे. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण ही बाई खुशाल बसली आणि छत्री मांडीवर आडवी ठेवून म्हणाली, "मिटवा तुमचं. मला घाई न्हाई." पाव तास तरी बसली असेल. शेवटी सासूबाई हसल्या, मी रडले आणि बाईनं पेला तोंडाला लावला. एस्तेरकाकूंची आणि माझी ओळख झाली ती अशी.

आमच्या चर्चची मंडळी लहान. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या पाद्रींकडे, तीन गावं, त्यामुळे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात आणि त्याच दिवशी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. बाकीच्या रविवारी चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींपैकी कुणीतरी वाचन करतं, गीतं होतात आणि नंतर चर्चच्या पायऱ्यांवर कापसाच्या भावापासून पोरींच्या सोयरिकीपर्यंत सगळं निघतं. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आपलं नाव कळवायचं आणि कुणाशी वाकडं असेल तर ते सरळ करूनच मेजापाशी यायचं, ही आमची लूथरन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची जुनी रीत. जालन्याला माझ्या माहेरी ती कधीच मागे पडली होती. मंठ्यात ती काकूंच्या पायांवर चालत होती. दर महिन्याच्या त्या शनिवारी त्या घरोघर जायच्या आणि भांडण असलेल्या घरात पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. "जिथं भांडन, तिथलं पानी मला पचत न्हाई," असं म्हणायच्या. लोक कुरकुरायचे, मागून नक्कलही करायचे, पण काकू उंबऱ्यावर बसल्या की मुकाट्यानं शेजाऱ्याचं दार वाजवायला जायचे.

चर्चमध्ये मी पेटी वाजवायला लागले. पेटीवाल्याचं तोंड मंडळीकडे असतं, त्याला नको ते दिसतं. लोक प्रभुभोजन घेण्यासाठी मेजापुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकायला उठायचे, तेव्हा काकू मागच्या बाकावर बसून राहायच्या. मेजावरचं पांढरं कापड त्याच धुवायच्या, द्राक्षरसाचे पेले त्याच घासायच्या, आणि मेजापाशी मात्र जायच्या नाहीत. सगळ्या गावाला हे माहीत होतं, विचारत कुणी नव्हतं. मी विचारलं.

कापडाची घडी घालता घालता त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान याकोब आणि आमच्या मंडळीतले वडील दानिएलकाका हे जिवलग दोस्त. याकोबच्या शेळ्यांनी दानिएलकाकांची वांग्याची रोपं खाल्ली, शब्दाला शब्द लागला आणि बोलणं बंद झालं. "शनिवारी मी यांना म्हनले, आधी दानिएलभाऊकडं जा, न्हाई तर उद्या बाकावरून उठू नका. सांजच्याला बाहेर गेल्ते. आल्यावर काही बोलले न्हाई. मी समजले, गेलेच न्हाईत. रविवारी हे बसून राह्यले. मी त्यांच्या समोरून गेले अन् भाकर घेऊन आले. मंगळवारी बाजारात छाती धरून खाली बसले ते बसलेच. मानूस उपाशी गेला, पोरी. मीच उठवलं त्याला पानावरून."

मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. देव असा हिशेब धरतो का, असं मी काहीतरी बोलले. "देवाचं अन् माह्यं बराबर हाय," त्या म्हणाल्या. "यांचं काय? हे उपाशी गेले, अन् मी कशी घेऊ?"

गेल्या उन्हाळ्यात काकूंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. मी घरं फिरून शेवटी त्यांच्याकडे आले, तेव्हा खाटेपाशी दानिएलकाका बसले होते. रिवाजाप्रमाणे मी विचारलं, "काकू, उद्या पाळकसाहेब तुमच्यासाठी प्रभुभोजन घरी घेऊन येणार आहेत. घ्याल ना?"

"यांनी न्हाई घेतलं," त्या नेहमीसारखं म्हणाल्या.

दानिएलकाकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वहिनी, याकोब आल्ता."

"कवा?"

"त्याच शनिवारी. मी बायकोला म्हनलं, सांग घरी न्हाई. माह्या चपला दारातच व्हत्या, त्यानं पाहिल्या. जरा वेळ उंबऱ्यावर बसला अन् गेला."

काकू म्हणाल्या, "अन् तू दर महिन्याला पहिला उठत व्हता."

दानिएलकाकांनी उशाजवळचा पेला भरून पुढे केला. काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पेला तसाच धरून ते थोडा वेळ बसले आणि निघून गेले. इतकी वर्षं त्या ज्या ओझ्याखाली वाकल्या, ते त्यांचं नव्हतंच. मला वाटलं, आता हलकं वाटेल त्यांना. पण चेहरा पाहिला आणि भीती वाटली.

रविवारी दानिएलकाका चर्चला आले नाहीत. उपासना झाल्यावर पाळकसाहेब आणि मी काकूंकडे गेलो. भाकर मांडली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "दानिएल आल्ता का चर्चला?"

"नाही."

"मंग मला नगं." पाळकसाहेब समजावायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "एकदा एकाला बाकावर बसवून मी घेतलं. दुसऱ्यांदा बिलकुल न्हाई. सूनबाई, त्याला घेऊन ये." पाळकसाहेबांना पुढच्या गावाला जायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि खुर्चीवर बसून राहिले.

मी काकूंची छत्री उचलली आणि धावतच गेले. दानिएलकाकांची सून दारात आली. "मामा घरी न्हाईत." तिच्या पायाशीच त्यांच्या चपला होत्या. मी उंबऱ्यावर बसले, छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि आत ऐकू जाईल असं म्हणाले, "मला घाई नाही." साफ खोटं होतं ते. तिकडे काकूंचा श्वास तुटत चालला होता आणि मी मनातल्या मनात हजारदा धावा करत होते. सून दोनदा पाणी विचारून गेली, मी नको म्हटलं. बऱ्याच वेळानं आत खाट वाजली, आणि दानिएलकाका काठी टेकत बाहेर आले.

काकू गुरुवारी गेल्या. त्यांनी माफ केलं का, असं लोक मला अजून विचारतात. तसा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. त्या रविवारी दोघांनी एकाच वेळी भाकर घेतली, आणि काकूंचा चेहरा शेवटपर्यंत कडकच होता. पाळकसाहेब सामान आवरायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "दानिएलभाऊ, पानी द्या." त्यांनी पेला भरून धरला. अर्धं पाणी चादरीवर सांडलं. उरलेलं काकू प्यायल्या.