हुकलेकाका

समोर कुणी पाहुणा बसला की काका थोड्याच वेळात आपल्याला न मिळालेल्या एखाद्या घड्याळाची गोष्ट काढत. पाहुणा भेटायला आलेला असो की समाचाराला, त्यांना फरक पडत नसे. "तुमच्या मनगटावरचं पाहून आठवलं," अशी सुरुवात व्हायची. मग ते घड्याळ कुठं पाहिलं, तबकडी कशी होती, कानाला लावल्यावर आवाज कसा आला, हे सगळं तपशीलवार सांगून झालं की शेवटचं वाक्य ठरलेलं. "हुकलं हो. हातातोंडाशी आलेलं हुकलं." आळीतल्या पोरांनी त्यांचं नाव हुकलेकाका ठेवलं होतं. ते इतकं रुळलं की एकदा नव्या पोस्टमनने दारात येऊन विचारलं, "हुकले इथंच राहतात का?" काकूने चेहरा न हलवता "हो" म्हटलं आणि टपाल घेतलं.

मला हे काका आवडत नसत. आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की हात उगाच मऊ होतो. माझे वडील, त्यांचे धाकटे भाऊ, गणेशपुरीच्या शाळेत मास्तर होते. पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी मला भिवंडीला काका-काकूंकडे ठेवलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पुढे तिथल्याच शाळेत मला नोकरी लागली, त्यामुळे लग्न होईपर्यंत मी त्या घरात होते. काका कोर्टात हेडक्लार्क. घरी दोघंच, मूलबाळ नाही. मला कधी जेवायला कमी पडलं नाही, पुस्तकं वेळेवर मिळाली. तरी संध्याकाळी काकांच्या चपला दाराशी वाजल्या की मी पुस्तक उचलून आतल्या खोलीत जायचे.

खरी घड्याळंही होती त्यांच्याकडे. कपाटातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, एकेक फडक्यात गुंडाळलेली. रविवारी सकाळी ओट्यावर चटई टाकून ते एकेक बाहेर काढत, पुसत, चावी देत. त्या वेळी त्यांची बोटं पाहत राहावी अशी चालायची. इतक्या हळुवारपणे त्यांनी घरातल्या कुठल्या माणसाला हात लावलेला मी पाहिला नाही. आणि सगळ्यांना चावी देऊन झाली की डबा बंद करताना सुस्कारा टाकत, "यात ते पाहिजे होतं." ज्या घड्याळांना आत्ताच गोंजारलं, त्यांच्या तोंडावर म्हणत.

रविवारी अन्सारी शेठ यायचे. नारपोलीला त्यांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते आणि त्यांनाही घड्याळांचा नाद होता. त्यांचीही घड्याळं हुकलेली. पण ते सांगायला लागले की हसून पोट दुखायचं. एकदा सौदा ठरवून ते पैसे आणायला म्हणून घरी गेले, बिर्याणी समोर आली म्हणून बसले, आणि परत जाईपर्यंत घड्याळ दुसऱ्याने उचललं होतं. "साहब, गई तो गई," ते म्हणायचे. "किसी और की कलाई पे टाइम तो दिखा रही होगी! और बिर्याणी भी अच्छी थी." काका हसत नसत. त्यांना हे गांभीर्य नसल्याचं लक्षण वाटायचं.

कारण काकांच्या गोष्टीत प्रत्येक घड्याळाला एक आरोपी असायचा. कोर्टात जन्म गेला, सवय लागली असेल. सोनेरी चौकटीचं एक घड्याळ माझ्या वडिलांच्या मास्तरकीच्या शिक्षणाच्या खर्चात गेलं. वडील वर्षातून दोनदा भाताची गोणी घेऊन यायचे, तेव्हा हे घड्याळ हमखास निघायचं. वडील मान खाली घालून चहा ढवळत बसायचे. साखर कधीच विरघळलेली असायची.

माझ्या नावावरही एक होतं. कॉलेजात असताना मला टायफॉइड झाला. काका रजा टाकून दवाखान्यात बसले, मोसंबीचा रस करून घेऊन यायचे, नर्सशी भांडायचे. एक शब्द लागेल असा बोलले नाहीत. मला वाटलं, आपण या माणसाला उगाच वाईट समजत होतो. पुढे दोन महिन्यांनी माझ्या मैत्रिणी घरी आल्या. काका आले, बसले, म्हणाले, "हिच्या तापात माझं ऑटोमॅटिक गेलं. मुंबईचा माणूस माझ्यासाठी थांबला होता." मैत्रिणी माझ्याकडे बघायला लागल्या. प्यायलेला सगळा रस त्या क्षणी कडू झाला. काका देत, आणि मग चारचौघांत जिभेने परत घेत.

पण या सगळ्यांच्या वर एक घड्याळ होतं. चंद्राचं. स्विस बनावट, पांढरी तबकडी, खाली अर्धगोल खिडकी आणि तिच्यात निळ्या आकाशावर चंद्र, जो तिथीप्रमाणे वाढायचा आणि कमी व्हायचा. गावातले एक म्हातारे डॉक्टर भिवंडी सोडून मुलाकडे चालले होते, ते देणार होते. काका घ्यायला निघाले, त्याच सकाळी काकूला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. धावपळीत दुसरी सकाळ उजाडली, तोवर नारपोलीच्या एका लूमवाल्याने घड्याळ नेलं होतं.

"ते घड्याळ गेलं, आणि पोरही गेलं," काका सांगत. "दोन्ही एकाच दिवशी."

घड्याळ आधी आणि पोर नंतर. मी किती वेळा ऐकलं, क्रम कधी बदलला नाही. काकू आत पोळ्या लाटत असायची. तिचं लाटणं थांबायचं नाही. मी त्या घरात इतकी वर्षं काढली, पण ते पोर मुलगा होतं की मुलगी, हे मला माहीत नव्हतं. विचारायची सोय नव्हती, कारण तो विषय काढायचा तर घड्याळाचाच दरवाजा होता.

नव्वदनंतर नारपोलीतले काहीजण लूम भंगारात काढून दापोड्याकडे गोदामं बांधायला लागले. त्या लूमवाल्याच्या मुलांनीही तेच केलं आणि बापाच्या जुन्या वस्तू विकायला काढल्या. एका रविवारी अन्सारी शेठ धापा टाकत ओटा चढले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि काकांच्या पुढ्यात धरला.

"पहचाना, साहब?"

चंद्राचं घड्याळ होतं. मी पहिल्यांदा पाहत होते, तरी ओळखलं. इतकं ऐकलं होतं की अंधारातही ओळखलं असतं.

"जितने में लिया, उतने में आप का," शेठ म्हणाले. "मेरा कुछ नहीं. आप इतने साल रोये हैं इस के लिए."

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. घड्याळ उलटं केलं, सुलटं केलं, कानाशी नेलं. त्यांना परवडत नव्हतं असं नाही. निवृत्त होऊन हाती रक्कम आलेली होती. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. मग त्यांनी भिंग काढलं आणि म्हणाले, "राहू द्या. तबकडीवर डाग आहे."

"कहाँ है दाग?" शेठनी घड्याळ उन्हात धरलं. डाग नव्हता.

"आणि वय झालं आता माझं. तेव्हा मिळालं असतं तर गोष्ट वेगळी."

काकू पदराला हात पुसत बाहेर आली. केव्हापासून दारात उभी होती कोण जाणे. ती घरी ब्लाऊज शिवायची, त्याचे पैसे तिचे तिच्याकडे असायचे. "अन्सारीभाई," ती म्हणाली, "मी घेते."

"डोकं फिरलंय का तुझं?" काका ओरडले. "कशाला हवंय तुला?"

"तुम्हाला नकोय ना? मग मी घेतेय." आणि तिथंच, चटईपाशी उभ्याउभ्या, तिने ते मनगटावर बांधलं. पुरुषी, जाड घड्याळ. पट्टा शेवटच्या भोकातही सैल होत होता. अन्सारी शेठनी नजर खाली वळवली आणि हळू आवाजात म्हणाले, "मुबारक हो, भाभी."

त्या दिवसापासून काकू ते घालूनच सगळी कामं करायची. मंडईत जायची, मशीन चालवायची. काका 'हुकलं हो' म्हणायला तोंड उघडत आणि मिटत. बाकीची घड्याळंही एकेक करून त्यांच्या गोष्टींतून गळली.

फक्त एकदा त्यांनी प्रयत्न केला. मला कल्याणचं स्थळ आलं होतं. बैठक जमली, पोहे फिरले, आणि मुलाच्या मामांचं घड्याळ पाहून काकांना राहवलं नाही. "एक चंद्राचं घड्याळ होतं," ते म्हणाले. "मी घेणारच होतो, पण आमच्या हिने त्याच दिवशी..."

काकू आतून आली. तिने घड्याळ मनगटावरून सोडलं आणि काकांच्या तळहातावर ठेवलं.

"हे घ्या," ती म्हणाली. "आता सांगा."

पाहुण्यांना काही कळेना. काका घड्याळाकडे बघत राहिले. मग त्यांनी ते चहाच्या ट्रेमध्ये, कपांच्या मध्ये ठेवून दिलं, आणि मामांना पावसापाण्याचं विचारलं. मला त्या वेळी त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. बरं वाटलं.

ट्रेमधलं घड्याळ काकूने पुन्हा मनगटावर बांधलं. लग्नानंतर मी कल्याणला गेले. काका काही वर्षांनी गेले, झोपेतच. तेराव्याला आळीतली माणसं म्हणत होती, मोठा शौकीन माणूस. मी पानं वाढत राहिले. मला त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र लागली आहे, हे कबूल करते. माझ्या मुलांसाठी मी काय काय सोडलं, हे जिभेवर आलं की मी उठून पाणी प्यायला जाते.

महिन्याभराने मी भेटायला गेले होते, तेव्हा काकूने अन्सारी शेठना बोलावून घेतलं. तेही थकले होते, काठी टेकत आले. तिने पत्र्याचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. "घेऊन जा. नादाच्या माणसाकडे जाऊ दे." मग मनगटावरचं घड्याळ काढून तेही डब्यात टाकलं.

"भाभी, ये भी?"

"हे पण. वेळ बघायला भिंतीवर आहे."

शेठ गेले. मी पिशवी उचलून निघायच्या बेतात होते. काकू ओट्यावरच बसून होती, मोकळ्या मनगटावर घड्याळामुळे उमटलेला पांढरा पट्टा अंगठ्याने चोळत.

"मुलगी होती," ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलं नसेल."

मी पिशवी खाली ठेवली.

"केस खूप होते तिला. काळेभोर. नर्स म्हणाली, एवढे केस कधी पाहिले नाहीत. उषा ठेवणार होते मी नाव. यांना सांगितलंही नव्हतं अजून."

कल्याणची एसटी निघून गेली असणार. मी तिच्याजवळ चटईवर बसले आणि काकू उषाबद्दल सांगत राहिली.